मान वर घ्या

दुसऱ्यांच्या माना वरखाली करण्यात ज्याचा सगळा जन्म गेला, त्याची स्वतःचीच मान त्याच्यावर उलटावी, यात गंमत आहे, असं दादा म्हणायचा. म्हणताना हसायचा मात्र नाही.

दादाचं सलून दोन खुर्च्यांचं. दाराजवळची पहिली खुर्ची दादाची, आतली धाकट्या भावाची. गिऱ्हाईक उजेडात बसलं पाहिजे म्हणून पहिली खुर्ची मानाची, आणि ती वडिलांनंतर दादाकडे आली होती. वडिलांनी खुर्चीबरोबर दोन नियमही ठेवले होते. पहिला, दाढी डोळ्यांनी नाही, कानांनी करायची. वस्तरा गालावरून फिरताना खर्र असा जो आवाज येतो, तो बदलला की हात बदलायचा. त्यामुळे दादाच्या राज्यात सलूनमध्ये रेडिओ लागत नसे. गिऱ्हाइकं कुरकुरली तरी नसे. दुसरा नियम असा, की दाढी झाली की वापरलेलं ब्लेड पत्र्याच्या डबीत टाकायचं, आणि ते पडल्याचा ‘टिक्’ असा आवाज कानानं ऐकल्याशिवाय जागचं हलायचं नाही. लहानपणी धाकट्याच्या तळपायात जमिनीवर पडलेलं ब्लेड घुसलं होतं. वडिलांनी त्या दिवसापासून हा नियम घातला, आणि धाकट्याच्या पायावरचा व्रण त्या नियमासारखाच कायमचा राहिला.

दुखणं आलं ते चोरपावलांनी. आधी बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग कात्री हातातून पडायला लागली. दादा कात्रीला शिव्या घालायचा. नाचता येईना अंगण वाकडं, तसलाच प्रकार. सकाळी शर्टाची बटणं लागता लागेनात.

“अहो, एका बटणाला इतका वेळ?” बायकोनं विचारलं.

“काजं लहान शिवलीयत त्या शिंप्यानं.”

“शर्ट जुना आहे. काजं काय आता आखडली?”

मान खाली घातली की पाठीतून थेट पायांपर्यंत वीज सळसळत जायची, आणि चालताना पाय जमिनीवर नाही, गादीवर पडतायत असं वाटायचं, हे त्यानं कोणाला सांगितलंच नाही. आपलं झाकून ठेवायचं, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत बसायचं, हा त्याचा स्वभाव. मूठ उघडली ती मास्तरांच्या दाढीला.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, दादाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. वडिलांच्या हातून दाढी करून घेतलेली, मग दादाच्या. “या हाताशिवाय दुसऱ्या हाताला माझा गाल ओळखत नाही,” असं ते सगळ्यांना सांगत. त्या दिवशी मास्तरांच्या कानाशी वस्तरा आला आणि दादाची बोटं नुसती उघडलीच. कानाच्या पाळीतून रक्त आलं. मास्तरांनी स्वतःच तुरटी उचलून कानाला दाबून धरली. “आयुष्यभर पोरांचे कान उपटले रे मी,” ते म्हणाले, “आज कोणीतरी फेड केली.” धाकटा हसला. दादा आपल्या हाताकडे बघत राहिला. घरी जाताना तो रस्त्यात सरळ, कशालाही न अडखळता, पडला.

डॉक्टरांनी फोटोवर बोट ठेवून दाखवलं. मानेचे मणके झिजलेत, त्यांच्यामधली गादी मागे सरकलीय, आणि आतून जाणारा मज्जारज्जू चेपला गेलाय. पाण्याच्या नळीवर कोणी पाय ठेवून उभं राहावं, तसं. “ऑपरेशन करून मी पाय काढून घेतो,” डॉक्टर म्हणाले. “नळी आतून किती चेमटलीय, ते मात्र नंतरच कळेल.”

ऑपरेशन झालं. मानेत पट्ट्या आणि स्क्रू बसले, वरून गळ्याला जाड पट्टा आला. मान खाली जाईना, वर जाईना. शुद्धीवर आल्यावर दादानं पहिली गोष्ट काय केली असेल, तर अंगठा तर्जनीवर घासून बघितला. दोन्ही बोटं दुसऱ्याच कोणाची तरी असल्यासारखी वाटली.

धाकटा भेटायला आला तेव्हा त्यानं दादाच्या गालाकडे पाहिलं. दाढीचे खुंट बरेच वाढले होते. “दादा, करून टाकू का? सामान आणलंय.”

“राहू दे. ही मी माझ्या हातानं करणार. तोपर्यंत हिला हात लावायचा नाही कोणी.”

“हट्ट कशाला?”

“हट्ट नाही. खूण आहे.”

आणि मग ती दाढी वाढतच गेली. न्हाव्याचीच दाढी वाढलेली पाहून येणारेजाणारे चेष्टा करायचे. दवाखान्यातला वॉर्डबॉय तर म्हणाला, “काका, तुमचा धंदा बुडवताय तुम्ही.” दादा तेवढ्यापुरता हसायचा. दाढी पांढरी निघाली होती, आणि हे त्यालाही तोवर ठाऊक नव्हतं. आजवर तिला वाढायला कधी मिळालंच नव्हतं.

व्यायामाच्या केंद्रात एक लांबलचक खोली होती, तिच्या एका भिंतीला सगळा आरसाच. आयुष्य आरशासमोर काढलं आणि आता इथंही आरसा, एवढंच की इथं बघायला दादा स्वतः होता. दोन दांड्यांमधून धरून धरून चालायचं. व्यायाम घेणाऱ्या मॅडम वयानं लहान, पण जिभेनं कडक.

“पायांकडे बघू नका. समोर बघा.”

“मॅडम, पायांकडे बघायला मान कुठं वळतेय?”

“मग बरंच आहे की. तेवढी एक चूक तुमच्या हातून व्हायची नाही.”

पाय त्या मानानं लवकर ताळ्यावर आले. काठी आली, मग काठीसुद्धा घरातल्या घरात सुटली. हात मात्र अडून बसले. चिकणमातीसारखा गोळा दाबायचा, मणी वेचून वाटीत टाकायचे, फळीवर शिवलेली बटणं लावायची आणि काढायची. डोळ्यांनी बघत बघत केलं तर जमायला लागलं. पण मॅडम दर वेळी शेवटी एक खेळ खेळायच्या. डोळे मिटायला लावायच्या आणि तळहातावर काहीतरी ठेवायच्या.

“ओळखा. किल्ली, नाणं की बटण?”

दादा बोटं फिरवायचा. जाड हातमोजे घातले असावेत तसं, काहीतरी तिथं आहे एवढंच कळायचं. “किल्ली,” तो ठोकून द्यायचा. निघायचं बटण. पुढं पुढं तो पापणी किंचित उघडून बघायला लागला आणि उत्तरं बरोबर यायला लागली. मॅडमना कळलं असणार. आरसा त्यांच्याही समोर होताच. पण त्या काही बोलल्या नाहीत, आणि दादानं ते प्रगतीत जमा धरलं.

एकदा त्यांनीच विचारलं, “तुमच्या धंद्यात नवीन माणूस शिकतो कसा?”

“फुग्यावर. फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि वस्तऱ्यानं काढायचा. फुगा न फुटता फेस निघाला, की मग माणसाचा गाल द्यायचा. धाकट्याला मीच शिकवलं तसं.”

“मग आपणही फुगा आणू. फक्त ब्लेड नाही हं. इथं चालणार नाही.”

बिनब्लेडच्या वस्तऱ्यानं दादा फुग्यावरचा फेस काढायला लागला. हात सुरुवातीला थरथरायचा, मग कमी थरथरायचा. शेजारच्या खाटेवरच्या आजी टाळ्या वाजवायच्या. दादाला त्या टाळ्यांचा राग यायचा. ब्लेडच नाही तर फुगा फुटणार कशानं? बोथट चमच्यानंही हे जमलं असतं.

इकडं सलूनमध्ये धाकट्याची ओढाताण चालली होती. पहिली खुर्ची रिकामी. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून तो ती रोज पुसायचा, पण गिऱ्हाईक बसवायचा नाही. बाकावर ताटकळलेली माणसं घड्याळ बघून उठून जायची. एक चांगला कारागीर कामाला यायला तयार होता. दोनदा विचारून गेला होता. धाकटा घरी येऊन दादासमोर बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, “दादा, तो माणूस विचारतोय. त्याला दुसरीकडंही बोलावणं आहे.”

“महिनाअखेरपर्यंत थांबव त्याला. मी येतो.”

“तुझं जमतंय?”

“फुगा फुटत नाही आता.”

हे खोटं होतं. घरी दादा मागच्या पडवीत बसून वस्तऱ्यात खरं ब्लेड घालायचा. घालतानाच बायकोला बोलवावं लागायचं, कारण ब्लेड चिमटीत आहे की पडलं हे त्याला कळायचं नाही. फेस लावायचा, वस्तरा टेकवायचा, आणि फट्. दुसरा फुगा. फट्. शेजारची बाई म्हणाली, “रोज वाढदिवस असतो की काय तुमच्याकडं?” बायको काही न बोलता रबराच्या चिंध्या गोळा करायची. दादाच्या दाढीत उडालेला फेसही तीच पुसायची. एकदा पुसता पुसता तिचा हात थांबला.

“तुम्ही भाऊजींना असं का सांगितलं?”

“कसं?”

“फुटत नाही म्हणून.”

“फुटणार नाहीच. अजून वेळ आहे.”

तिला रडू आलं होतं, पण तिनं ते आत घेतलं. त्याला पुन्हा उभं करायला ती दोन दांड्यांच्या शेजारून रोज चालली होती, आणि आता ह्या एका गोष्टीवर तो मोडून पडेल अशी तिला धास्ती होती. संध्याकाळी भाजी आणायला म्हणून ती बाहेर पडली ती सलूनमध्ये गेली. धाकट्याला फुग्यांचं सगळं सांगितलं आणि म्हणाली, “भाऊजी, त्यांना नाही म्हणू नका. आणि हो म्हणून कोणाचा गळाही देऊ नका. तुम्हीच काहीतरी बघा.” एवढं सांगून ती खरंच भाजी घेऊन घरी आली.

महिना संपता संपता, एका सकाळी दादा सलूनमध्ये आला. गळ्याचा पट्टा सुटला होता, काठी दारात टेकवून ठेवली. बायकोनं इस्त्रीचा शर्ट घातला होता त्याला. बटणं तिनंच लावली. दाढी छातीवर आलेली. सलून तेच, फक्त कोपऱ्यातल्या फळीवर रेडिओ लागलेला आणि चांगला मोठ्यानं.

“हे काय?” दादानं विचारलं.

“गिऱ्हाइकांना आवडतं रे,” धाकटा म्हणाला आणि पाठ फिरवून सामान काढायला लागला. दादाच्या कपाळावर आठी आली. पण इतके महिने दुकान ज्यानं चालवलं त्याला पहिल्याच दिवशी टाकून बोलायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

पहिल्या खुर्चीत मास्तर येऊन बसलेलेच होते. “ये,” ते म्हणाले. “गाल तुझी वाट बघून कंटाळला.”

धाकट्यानं पाठमोरं उभं राहून वस्तऱ्यात ब्लेड घातलं आणि वस्तरा दादाच्या हातात दिला. दादानं मास्तरांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. गाठ मारायला वेळ लागला, मास्तर तोपर्यंत वर पंख्याकडे बघत राहिले. ब्रशनं फेस चढवला. मग दादा हलक्या आवाजात म्हणाला, “मान वर घ्या.” हे शब्द किती दिवसांनी तोंडातून निघाले.

मास्तरांनी मान वर केली. म्हातारी, सुरकुतलेली मान, मधोमध गळ्याची गाठ वरखाली होणारी. दादानं वस्तरा टेकवला. त्याचं गालाकडे लक्ष नव्हतं, सगळा जीव आपल्या बोटांवर गोळा झाला होता. ती धरतायत का, सुटतायत का, थरथरतायत का. कानावर भरवसा ठेवायचा तर रेडिओवर कोणीतरी मोठमोठ्यानं गात होतं. फेसाची एक पट्टी निघाली. मग दुसरी. हनुवटीच्या खालून, कानाच्या कडेनं, ओठाच्या वरून. कुठंही लाल टिपका नाही. शेवटची पट्टी निघाली तेव्हा दादाचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. त्यानं टॉवेलनं मास्तरांचा चेहरा पुसला, वर पंजा फिरवला. पंजाला काही कळलं नाही, पण डोळ्यांना गाल गुळगुळीत दिसत होता.

“वा,” मास्तर म्हणाले. “जुना हात.”

दादाला रडू फुटलं. आरशात बघून, सगळ्यांच्या देखत, तो रडत रडतच हसला. “बघितलंस?” तो धाकट्याला म्हणाला. “त्या कारागिराला सांग, दुसरीकडं जा म्हणावं.” धाकट्यानं मान हलवली. हे एवढं चांगलं वठेल असं त्यालाही वाटलं नव्हतं.

“आणि तो रेडिओ बंद कर आधी.”

आता नाही म्हणायला कारण नव्हतं. धाकट्यानं रेडिओ बंद केला. दादानं पत्र्याची डबी पुढं ओढली, वस्तऱ्याचं तोंड दोन्ही अंगठ्यांनी नेटानं उघडलं, आणि डबीवर उलटा धरून ठोकला.

आवाज आला नाही.

त्यानं पुन्हा ठोकला. वस्तरा डोळ्यांसमोर धरला. आत ब्लेड नव्हतं. “पडलं वाटतं,” तो म्हणाला. “मला कळलंच नाही कधी सुटलं ते. कोणी हलू नका. मास्तर, पाय खाली टेकू नका.”

“दादा, राहू दे, मी झाडून घेतो नंतर.”

“नंतर? तुझ्या पायाला विचार नंतर म्हणजे काय ते.”

खुर्चीचा हात धरून तो आधी एका गुडघ्यावर आला, मग दुसऱ्या. मान वाकत नव्हती, म्हणून जमीन बघायला त्याला सगळं अंगच खाली घालावं लागलं. छातीवरची दाढी फरशीला लागली. कापलेल्या केसांमधून तो तळवे फिरवायला लागला, आणि मग स्वतःच थांबला, कारण हाताला ब्लेड लागलं तरी ते त्याला कळणार नव्हतं. मग तो एका गालावर आडवा होऊन खुर्चीच्या खाली डोळ्यांनी शोधायला लागला. “चमकेल कुठंतरी,” तो म्हणत होता. “टिक् नाही झालं. इथंच आहे.”

मास्तर पाय वर घेऊन बसले होते. धाकटा भिंतीला टेकला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर काढून घेतली. मागच्या बाकाखाली सरपटत जायला म्हणून दादानं कोपर पुढं टाकलं, ते घसरलं, आणि त्याचं कपाळ फरशीवर आपटलं. तेव्हा धाकट्याला राहवलं नाही.

“दादा, ऊठ. ब्लेड नव्हतंच.”

“नव्हतं म्हणजे?”

“घातलंच नव्हतं मी. मास्तरांची दाढी मी पहाटे त्यांच्या घरी जाऊन केली होती.”

दादा तसाच पडून राहिला. मग त्यानं खालूनच विचारलं, “फुग्यांचं तुला तिनं सांगितलं?”

“हो.”

“बरं केलं.” तो उठायला लागला. धाकटा धावला, पण दादानं हात झटकला, आणि खुर्चीला धरून आपला आपणच उभा राहिला. गालाला केस चिकटले होते, कोणाकोणाचे. “बिनपाण्यानं करणं ऐकलं होतं,” तो म्हणाला. “तुम्ही माझी बिनब्लेडनं केलीत.”

हसायला कोणी धजावलं नाही. दादा मास्तरांकडे वळला. त्याला वळायचं तर सगळं धड वळवावं लागायचं. “मास्तर, एक विचारतो. ब्लेड असतं, तर बसला असता तुम्ही?”

मास्तरांनी तोंड उघडलं. वर्गात कधी ज्यांचं उत्तर अडलं नाही, ते मास्तर आपल्या कानाच्या पाळीला हात लावून बसले. मग हळूच खुर्चीतून उतरून बाकावर जाऊन बसले.

दादानं मान्य केल्यासारखे डोळे मिटले. त्याला राग आला नव्हता. आला असता तर बरं झालं असतं. हात गेले, हे त्याला आज कळलं असं नाही. पण बाकी सगळ्यांनाही ते आधीच कळलेलं होतं, आणि सगळ्यांनी मिळून ते त्याच्यापासून जपून ठेवलं होतं, हे त्याला लागलं.

“खुर्ची पुसून घे,” तो म्हणाला. “उद्यापासून त्या कारागिराला उभं कर इथं. कामाचा आहे म्हणतोस ना?”

“दादा…”

“पुस म्हटलं ना. आणि कात्री घे, मग ब्लेड घाल. खरं.”

धाकट्यानं खुर्ची पुसली. दादा तिच्यात बसला. वडिलांच्या ह्या खुर्चीत तो जन्मात पहिल्यांदाच बसत होता, आणि ती इतकी थंड असते हे त्याला माहीत नव्हतं. धाकट्यानं कापड बांधलं. आधी कात्रीनं दाढी उतरवली. पांढरे पुंजके कापडावरून घरंगळत खाली गेले. मग फेस चढवला, ब्लेड घातलं, एक गाल केला, दुसरा केला. सलूनमध्ये खर्र खर्र एवढाच आवाज होता. दादा तो कान देऊन ऐकत होता. हात बदलायला हवा होता तिथं धाकट्यानं बदलला.

हनुवटीपाशी येऊन धाकटा सवयीनं बोलून गेला, “मान व—”

शब्द अर्धाच राहिला. स्क्रू बसवलेली ती मान समोर ताठ उभी होती, आणि ती आता कोणाच्याच सांगण्यावरून वर जाणार नव्हती. मग धाकटा खाली बसला, व्रण असलेला पाय मागं दुमडून, केसांनी भरलेल्या फरशीवर दोन्ही गुडघे टेकून, आणि खालून वर बघत त्यानं दादाच्या गळ्याची दाढी करायला घेतली.

दादाला तो दिसत नव्हता. खाली बघता येत नव्हतं. समोरच्या आरशात एक म्हातारा होत चाललेला माणूस एकटाच बसलेला दिसत होता, आणि त्याच्यामागं, जिथं न्हावी उभा असतो, तिथं कोणी नव्हतं.

दाढी झाली. टॉवेल झाला. दादा उठला नाही. धाकट्याच्या लक्षात आलं तसा तो घाईघाईनं उठला, डबी पुढं ओढली, वस्तरा उघडून वर धरला आणि ठोकला.

टिक् झालं. मग दादा खुर्चीतून उतरला.